डावा तळहात

डावा तळहात शीटवर पसरायचा, उजव्या हातातलं पाच रुपयांचं जुनं जाड नाणं टकटक वाजवत पुढे जायचं आणि मध्येच थांबून म्हणायचं, "इथं मुकं हाय, सायेब." मग तिथे खडूनं गोल. आमच्या अंबडच्या कारखान्यातल्या मावशींची तपासणी एवढीच. तो गोल दिसला की माझ्या पोटात दुखायला लागे.

दुखणारच. बसच्या तळाशी बसवायच्या, हादरे गिळणाऱ्या शीट आम्ही बनवतो. फायबर, रबर, पुन्हा फायबर. अशा थरांतून लहर कशी जाते, कुठला थर तिला परत पाठवतो आणि रबर तिला किती गिळतं, यावर सहा वर्षं घालवून मी डॉक्टरेट मिळवली. मावशी नववी नापास. पिंपळगावला द्राक्षांच्या पेट्या भरता भरता इकडे आलेल्या. थर कुठे सुटलाय ते शोधायला माझं यंत्र अर्धा तास घ्यायचं, आणि लहर रबरात शिरली की पडद्यावर बहुधा शुकशुकाट. तोवर मावशींचा गोल काढून चहाही झालेला असे. फोरमन माझ्यासमोर म्हणायचा, "आधी मावशींना दाखवा, मग मशीनला." तुम्हीच सांगा, कुणाला झोंबणार नाही?

एकदा मी त्यांना पकडायचं ठरवलं. एका शीटच्या थरांत प्लास्टिकचा तुकडा गुपचूप दडवला. मावशींनी दोन गोल काढले.

"हे तुमचं," पहिल्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "कडा लय सरळ हायेत, कात्रीच्या. आन् हे दुसरं कोणाचं?"

सगळे हसले. मीही हसलो, पण ते मनात धरून ठेवलं.

पुढे कारखान्यात वार्षिक आरोग्य तपासणी झाली. कटिंग मशीनच्या आवाजात वर्षं काढून मावशींचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्या आमचं बोलणं ओळखायच्या, हे तेव्हा कळलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

मॅनेजरनी आम्हा दोघांना बोलावलं. "मावशी, ऐकू येत नाही, मग तुम्ही तपासता कशा?"

"ऐकतंय कोण, सायेब? हाताला कळतं." त्यांनी माझा तळहात धरून टेबलावरच्या शीटच्या तुकड्यावर ठेवला आणि शेजारी नाणं वाजवलं. "इथं. आन् आता इथं. कळलं?"

मला काही कळलं नाही. मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, असं हाताला कळू शकतं?"

कळू शकतं. वरच्या थराच्या कंपनांवर माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे. मी म्हणालो, "शास्त्रात बसत नाही."

मावशींची पॅकिंगला बदली झाली. जाताना मला म्हणाल्या, "पेट्या भरतच आले होते सायेब, आता परत पेट्याच." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

पाच महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. दुसऱ्या दिवशी फोरमननं मला पॅकिंगमध्ये नेलं. तिथे भिंतीला टेकून सात शीट उभ्या होत्या. सगळ्या मी पास केलेल्या, मावशींनी पेटीत न भरता बाजूला ठेवलेल्या. कुणाकडे तक्रार नाही, बोभाटा नाही. फक्त प्रत्येकीवर खडूचा गोल.

मी एकेक करत सहा कापल्या. सहाही शीटमध्ये बरोबर गोलाच्या आत थर सुटलेले. पश्चात्ताप झाला, पण नंतर. आधी पोटात तेच जुनं दुखणं उठलं.

सातवी मी कापली नाही. ती माझ्या केबिनमध्ये आहे. जेवणाच्या सुट्टीत दार लावून डावा तळहात तिच्यावर ठेवतो आणि नाणं वाजवतो. गोलाच्या आत आणि बाहेर, मला अजून सारखंच लागतं.