हिरव्या कापडातलं लिंग

मंगळवारी पहाटे माझी भाची वारली. तिचा जुळा भाऊ दवाखान्याच्या त्याच काचेच्या खोलीत होता.

मी लातूरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. असले चमत्काराचे अनुभव छापून आले की पान उलटून पुढे जाणारा. हे लिहायलाही दीड वर्ष घेतलं...

बाळं माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची. नांदेडच्या एका दवाखान्यात जन्मली. मुलीच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि ती गेली. आम्हा लिंगायतांत बाळाचं इष्टलिंग, ते मोठं होईपर्यंत, आईच गळ्यात बांधते. सुनंदाच्या गळ्यात स्वतःच्या लिंगाबरोबर आणखी दोन होती – मुलाचं पांढऱ्या कापडात, मुलीचं हिरव्या खणाच्या तुकड्यात. हिरवं तिने सोडून माझ्या हातात दिलं. उदगीरजवळच्या आमच्या शेतात मी ते कापडासकट भाचीच्या डाव्या तळहातावर ठेवलं, बोटं मिटवली. मातीही मीच लोटली.

दुपारी नांदेडला परतलो तेव्हा डॉक्टर सांगत होते, "ताई, मुलाचा सीआरपी, म्हणजे जंतुसंसर्गाचा आकडा, नॉर्मल आलाय. दूध पितोय, ताप नाही. संध्याकाळपासून अँटिबायोटिक बंद करू."

"बंद करू नका. पुन्हा रक्त तपासा," सुनंदा म्हणाली.

"लेकराला सुया टोचायची हौस हाय का गं तुला?" तिची सासू म्हणाली. "डॉक्टरला शिकवून राहिली!"

"हाव, शिकवून राहिले." मग सुनंदा माझ्याकडे वळली. "दादा, तू ते पुरलं न्हाईस का?"

"पुरलं की. का?"

तिने मूठ उघडली. हिरवं कापड. गाठीत काळी माती... ओली.

"पोराला पाजून राहिले होते, तर पदराखाली हाताला लागलं. ती उगी आली असंल का, दादा?"

सासूबाई बाकावर बसल्या. डॉक्टरांना यातलं काय कळलं, ठाऊक नाही. ते एवढंच म्हणाले, "सीआरपी कधी कधी उशिरा चढतो. तो पुन्हा करू, आणि प्रोकॅल्सिटोनिनची तपासणीही पाठवतो, ते आधी वाढतं."

रिपोर्ट येईपर्यंत आम्ही तिघं त्या बाकावर होतो. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सुनंदाची मूठ मिटलेली.

दोन्ही आकडे चढलेले निघाले. बंद करायचं औषध बदलून जास्त ताकदीचं सुरू झालं. संध्याकाळी बाळाने दूध सोडलं, हातपाय गार पडले. "आज औषध थांबवलं असतं तर..." डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. पुढचे काही दिवस कसे गेले ते लिहवत नाही. पण बाळ तगलं.

ज्या स्वामींनी लिंगं दिली होती, त्यांना मी नंतर गाठून विचारलं. "बाळांची दोनच दिली होती," ते म्हणाले. शेतात उकरून बघावं असं माझ्या मनात आलं होतं. सुनंदा म्हणाली, "झोपू दे तिला." मला आजही काही उलगडलेलं नाही.

भाचा आता चालतो. सुनंदाच्या गळ्यात अजूनही तीन लिंगं आहेत.