सात-पन्नासच्या गाडीतलं इंग्रजी

सकाळी सात-पन्नासची कळंब–धाराशिव एसटी म्हणजे नुसता कल्ला. कॉलेजची पोरं, टोपल्या घेतलेल्या बायका, कोर्टाच्या तारखेला निघालेले म्हातारे, आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवून उभी महेश्वरीबाई. बारा वर्षं कंडक्टरकी केलेली. आवाज असा, की मागच्या बाकड्यावर डुलक्या घेणारासुद्धा दचकून पाकीट काढायचा.

ह्या बाईला सरकारी कचेरीतल्या नोकरीच्या परीक्षेनं पछाडलं होतं. दोनदा बसली, दोनदा आपटली, आणि दोन्ही वेळा इंग्रजीत! बाकी सगळे विषय चोख. इंग्रजीत मात्र वेगळं पास व्हावं लागायचं, तिथं एकदा तीन मार्कांनी गेली, दुसऱ्यांदा दीड मार्कानं. आता वय सदतीस, म्हणजे ही शेवटची संधी. त्यात क्लासच्या सरांनी भर वर्गात ऐकवलेलं, "ताई, ह्या वयात इंग्रजी बसत नसतं. तुम्ही आपली तिकिटं फाडा." तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याच दिवशी तिनं क्लास सोडला.

पण अभ्यास करणार कधी? घरी दोन लेकरं, आजारी सासू, उभ्या पायाची ड्युटी. म्हणून तिनं पुस्तकातल्या इंग्रजी वाक्प्रचारांच्या चिठ्ठ्या लिहून पुस्तकासकट पिशवीत ठेवल्या. गर्दी ओसरली की चोरून बघायची. ते तिसऱ्या सीटवरच्या वैष्णवीनं पाहिलं. वैष्णवी कॉलेजची पोरगी, तीही परीक्षांच्या नादाला लागलेली. म्हणाली, "ताई, पुस्तक माझ्याकडं द्या. मी विचारते, तुम्ही तिकीट देत देत उत्तरं सांगा."

झालं! तिथून गाडीत इंग्रजी सुरू झालं.

पहिल्याच आठवड्यात बाबूराव आडवे आले. बाबूराव म्हणजे येरमाळ्याच्या फाट्यावर चढणारे सत्तरीचे गृहस्थ, शाळेचं तोंड न पाहिलेले, पण तोंडानं कुणाला न हरणारे. त्या दिवशी त्यांच्या मांडीवर तुरीचं गाठोडं होतं. वैष्णवीनं विचारलं, "स्पिल द बीन्स?" महेश्वरी म्हणाली, "गुपित फोडणं."

"शब्दाशब्दाचा अर्थ काय व्हतो?" बाबूरावांनी विचारलं.

"शेंगांचे दाणे सांडणं, आजोबा."

"आन् त्यानं गुपित फुटतं? ह्या माझ्या तुरी सांडल्या तर माझं नुस्कान हुईल. गुपित कशाला फुटल? काय बी लिहित्यात लेकाचे!"

गाडी खो खो हसली. पण दुसऱ्या दिवशी चढल्या चढल्या बाबूरावांनीच विचारलं, "काय गं पोरी, आज काय सांडलं म्हनायचं?"

लक्ष्मम्मा तर त्यांच्या वरताण. ती बोरं-चिंचा विकणारी, सीमेपलीकडून सून होऊन आलेली, सोलापूर-कलबुर्गीचा हेल अजून जिभेवर. वैष्णवीनं 'वन्स इन अ ब्लू मून' वाचून अर्थ सांगितला, की फार क्वचित घडणारं. लक्ष्मम्मा लगेच म्हणाली, "म्हंजी कपिलाषष्ठीचा योग की वो! त्यासाठी चंद्र निळा कशाला कराया पायजे?" महेश्वरी हसता हसता एकाला तिकीटच द्यायची विसरली, आणि तो वाक्प्रचार मात्र जन्मात विसरली नाही.

शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न आले तेव्हा तर गाडीला ऊतच आला. एक जोडी दिलेली असते, तिचं नातं ओळखून दुसरी जुळवायची. नातं ओळखणं! आता आपल्याकडच्या माणसाला हे कुणी शिकवायला लागतं का? शेजारी बसलेल्याला "गाव कोणतं? कुणाचं तू?" एवढं विचारून येरमाळा यायच्या आत मावसभाऊ शोधून काढणारी ही मंडळी. वैष्णवीनं मराठी करून विचारलं, "लोहाराला ऐरण, तर सुताराला काय? लाकूड, खुर्ची, करवत, की काम करायचं बाकडं?"

"खुर्ची!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गप रे," लक्ष्मम्मा कडाडली. "लोहार ऐरण बनवतो का? ऐरणीवर ठिवून ठोकतो. मग सुतार कशावर ठिवून तासतो? बाकड्यावर! आदी नातं इचारा, मग सोयरीक जुळवा."

ड्रायव्हर गुंडाप्पा एरवी मुखदुर्बळ माणूस. त्यानं पुढूनच आवाज दिला, "बराबर हाय मावशीचं!" पुस्तकातलं उत्तरही तेच निघालं. त्या दिवशी महेश्वरीला वाटलं, आता आपल्याला कुणी अडवत नाही.

आणि इथंच बाई चुकली. दीडशे वाक्प्रचार डोक्यात ठेवायचे कसे? तिनं कंडक्टरची युक्ती लढवली. कळंबपासून धाराशिवपर्यंत प्रत्येक थांब्याला आठ-दहा वाक्प्रचार बांधून टाकले. कळंब स्टँडला हे, पुढच्या फाट्याला ते, येरमाळ्याला अमुक, येडशीला तमुक. घडाघडा म्हणायला लागली. वैष्णवी चाट पडली.

परीक्षेचा रविवार उजाडला. पेपर हातात आला, आणि पहिलाच प्रश्न येडशीचा! महेश्वरीनं डोळे मिटले, मनात कळंबहून गाडी सोडली, एकेक थांबा घेत येडशीला पोचली आणि उत्तराचा गोळा रंगवला. दुसरा प्रश्न येरमाळ्याचा. पुन्हा कळंबहून सुरुवात. तिसऱ्यालाही तेच. मधल्या थांब्यावरून गाडी निघेचना! घड्याळाकडं पाहिलं तर अर्धा वेळ संपलेला आणि साठातले जेमतेम बारा प्रश्न झालेले. 'तुम्ही आपली तिकिटं फाडा' हे शब्द कानात वाजायला लागले. रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात ती स्वतःवरच चिडली. बाई गं, बारा वर्षांत सगळे प्रवासी काय कळंबलाच चढले? रस्त्यात कुणीही हात दाखवतं, गाडी थांबते, आणि माणूस आत आला की आपण चेहऱ्यावरून ओळखतो हा कुठला, कुठं उतरणार. मग ह्या प्रश्नांचं एवढं काय?

तिनं थांबे सोडून दिले आणि समोरच्या प्रश्नालाच विचारलं, "कुणाचं तू?"

'स्पिल द बीन्स' वाचलं, तर बाबूराव तुरीचं गाठोडं आवळून भांडायला उभे! निळा चंद्र आला तशी लक्ष्मम्मा ठसक्यात बोलली. एकेका वाक्प्रचारामागून कुणी ना कुणी उठायला लागलं, कुणी हसलेलं, कुणी हुज्जत घातलेलं, कुणी गुंडाप्पासारखं पुढून ओरडलेलं. जोड्या आल्या तेव्हा आधी नातं विचारलं, मग सोयरीक जुळवली. तिचं पेन थांबेना. शेवटचा गोळा भरला तेव्हा दोन मिनिटं शिल्लक होती, आणि ती भर वर्गात एकटीच हसत होती. पण घाईत भरलेली उत्तरं पुरेशी बरोबर आली का नाही, हे काही तिला ठरवता येईना.

तीन महिने जीव टांगणीला. मग एका सकाळी येरमाळा सोडून गाडी येडशीच्या रस्त्याला लागलेली असताना वैष्णवी किंचाळली, "ताई, निकाल लागला! नंबर सांगा!"

महेश्वरीनं नंबर सांगितला आणि दांडी घट्ट धरली. वैष्णवी मोबाईलवर शोधत होती. अख्खी गाडी तिच्याकडं वळली. गुंडाप्पानं वेगसुद्धा कमी केला.

"इंग्रजी..." वैष्णवीनं नंबर पुन्हा एकदा ताडून पाहिला. "ताई, इंग्रजीत पास! वर अकरा मार्क जास्तीचे! निवड यादीत नाव आहे तुमचं!"

जो काही गलका उठला म्हणता! गुंडाप्पानं गाडी कडेला घेतली. लक्ष्मम्मानं बोरांची टोपली सगळ्यांसमोर फिरवली. महेश्वरी वैष्णवीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती, आणि उशीर होतोय असं कुणी चकार शब्दानं म्हणत नव्हतं.

त्या गोंधळात बाबूरावांनी बंडीतून साधा मोबाईल काढला, लेकाला फोन लावला आणि एक कान दाबून धरला.

"हॅलो, रणधीर? आरं, आमी इंग्रजीत पास झालो! ... चेष्टा न्हाय करत मुडद्या, खरंच झालो! ... कोन आमी म्हंजी? आरं, आख्खी गाडी!"