करदोड्याला बांधलेली चावी

पेशंटला दवाखान्यात उतरवून आलं, की तुलारामभाऊ पटले अँब्युलन्सच्या मागच्या भागात शिरत आणि आतून दार लावून घेत. चार-पाच मिनिटं. आतून फुस्स असा बारीक आवाज येई, मग शांतता, मग पुन्हा फुस्स. बाहेर आले की चेहरा कोरा. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढून चिमूटभर तोंडात टाकत आणि म्हणत, "चला जी मॅडम, गाडी तयार."

मी नागपूरहून गोंदिया जिल्ह्यात नव्यानं आलेली अँब्युलन्सवरची डॉक्टर. ड्रायव्हरला आमच्यात पायलट म्हणतात. माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्यानं आपणहून कोथिंबीर दिली तरी मी आधी हुंगून पाहते. तेव्हा दार लावून फुस्सफुस्स करणारा पायलट पाहून माझ्या मनात पाल चुकचुकणारच.

त्यात ती चावी. ऑक्सिजनचं सिलिंडर उघडायला लोखंडी चावी लागते. बाकीच्या गाड्यांत ती सिलिंडरलाच लटकलेली असते. आमच्या गाडीतली तुलारामभाऊंच्या कमरेला, काळ्या करदोड्यात. दुसरी केव्हाच हरवली होती आणि नवीन मागून मागून आम्ही थकलो होतो. पेशंट आला की शर्ट वर करून भाऊ चावी सोडत, काम झालं की लगेच हात पुढे. पाळी संपली की दोन्ही हातांनी सिलिंडर घट्ट बंद करून चावी पुढच्या पायलटच्या तळहातावर ठेवत, त्याची मूठ मिटेपर्यंत बघत राहत.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "चावी माझ्याकडे द्या. ऑक्सिजन माझं काम आहे."

"नाही जी."

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

"कोनावरच नाही, मॅडम. मानूस खोटं नाही बोलत, मानूस इसरते."

हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकलं. बॅटरी चार्ज आहे असं म्हणावं, तर हा माणूस विचारणार, "पायलं का आयकलं?" आयकलं म्हटलं की स्वतः जाऊन बघणार. माझ्यासारख्या संशयी बाईवर कुणी संशय घ्यावा, हे मला भारी झोंबलं.

दुसऱ्या पाळीचा पायलट सेवकराम कान भरायला तयारच असे. "मॅडम, दाल में कुछ काला है. बुढा अंदर बैठके ऑक्सिजन सूंघता है. इसीलिए तो इस उमर में टकाटक है!" तो थट्टा करत होता, हे मला आज कळतं. तेव्हा मी चोरून सिलिंडरवरचा काटा बघू लागले. भाऊ आत जाऊन आले की काटा केसभर उतरलेला असे. तो केस मला पुरेसा होता. मोबाइलमध्ये मी तक्रार लिहायला घेतली आणि रोज तिच्यात एखादी ओळ वाढवत गेले. दुपारी त्यांच्याच डब्यातली लाखोळीच्या डाळीची वडी खायची आणि हात पुसून ओळ लिहायची! लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

मग त्यांच्या भाचीचं लग्न आलं. लग्न आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावात होतं. आदल्या दिवशी पाळी संपताना घरून फोनवर फोन आले, आणि भाऊ घाईत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी सेवकराम. सकाळी दहाच्या सुमारास गोरेगावच्या पलीकडच्या एका गावातून कॉल आला. दम्याची म्हातारी होती. गाडीत घेतलं तेव्हा ओठ निळे पडले होते. मी सिलिंडरकडे वळले आणि हात तसाच राहिला.

"सेवकराम, चावी?"

"चावी त... भाऊनं काल देल्लीच नाही जी! रातच्याले लागली नाही, म्हून ध्यानातच नाही आलं!"

पक्कड लावली, घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. हातातला फुगा दाबून मी साधी हवा देत राहिले, पण तिला जे हवं होतं ते हातभर अंतरावर बंद होतं. तिचा मुलगा माझ्याकडे बघत होता. "मॅडम, नळी लावा ना! काऊन नाही लावून राहिल्या?" एका हातानं मी भाऊंना फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता. मी ओरडले, "तुलारामभाऊ, चावी! गोरेगावातूनच येतोय!" फोन कटला. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

गोरेगावच्या बसस्टँडसमोर एक माणूस भर रस्त्यात उभा होता. डोक्यावर गुलाबी फेटा, अंगावर नवा सदरा, पायात काही नाही, आणि हात उंच करून धरलेली चावी. गाडी पुरती थांबायच्या आत भाऊ मागून चढले. चावी माझ्या हातात न देता त्यांनीच सिलिंडर उघडलं. फुस्स! ज्या आवाजावर मी सहा महिने संशय घेतला, तो ऐकून मला रडू कोसळलं.

म्हातारी वाचली. तिसऱ्या दिवशी वॉर्डात चहा मागत होती.

पण त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर भाऊ फेटा मांडीवर घेऊन बसले. "मॅडम, लिहा आता."

"काय?"

"मोबाइलमंदी माझ्या नावानं लिहून राहिल्या ना, मले मालूम हाये. त्यात हे बी लिहा."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तेच पुढे बोलले. "कचारगडच्या यात्रेतून एका मानसाले आनत होतो. आधीच्या पायलटनं चावी खिशात घालून घरी नेली होती. मानूस माझ्याच गाडीत गेला. त्याची बायको मले इचारे, नळी काऊन नाही लावून राहिले? तवापासून चावी सोडत नाही. दर खेपेले उघडून आवाज आयकतो. बाहेरचा गलबला नको म्हून दार लावतो." मांडीवरचा फेटा बाजूला ठेवून म्हणाले, "अन् आज मीच तो पायलट झालो."

मी त्यांच्यासमोर सगळी तक्रार पुसून टाकली. त्यांना ते आवडलं नाही. "पुसू नका जी. जे झालं ते लिहा." मग जे झालं तेवढंच मी लिहिलं आणि खाली त्यांनी सही केली. महिन्याभरात त्यांची बदली देवरीकडच्या गाडीवर झाली.

शेवटच्या दिवशी त्यांनी करदोडा तोडला आणि त्याच काळ्या दोऱ्यानं चावी सिलिंडरला बांधली. "इथं सगळ्यायले दिसंल," म्हणाले. दोन पावलं गेले आणि वळले. "पन भरोसा ठेवू नका."

ठेवत नाही. आता पेशंट उतरवला की मी आत जाते, दार लावते, चावी फिरवते आणि आवाज ऐकते. नवे पायलट परवा सेवकरामशी काहीतरी कुजबुजत होते. मी बाहेर आले, तर माझ्या डोळ्यांत जरा जास्तच निरखून बघू लागले. मी म्हटलं, "चला जी, गाडी तयार."