गुंतवळ

ओडेल्लाच्या खुर्चीखाली तुम्हाला एक केस सापडायचा नाही. पैज लावा. दिवसभर पर्यटकांच्या जहाजावरच्या बायका-पोरी तिच्यापुढे डोकी घेऊन बसणार, ती केस विंचरणार, डोक्याला चिकटून बारीक बारीक वेण्या घालणार, टोकाला मणी ओवणार, आणि कंगव्यात जेवढं गुंतवळ येईल तेवढं शेजारच्या बिस्किटाच्या डब्यात टाकणार. वाऱ्यानं एखादा केस वाळूवर गेला तर हातातली वेणी सोडून उठेल आणि उचलून आणेल. गिऱ्हाईक आपलं बघत बसतं. मग जहाजाचा भोंगा व्हायच्या आत तो डबा माझ्या शेगडीत रिकामा करायचा. केस चर्र करतात, वास सुटतो, मी नाक धरून शिव्या घालते.

"मेले, माझ्या कणसांना तुझ्या गिऱ्हाइकांच्या डोक्याचा वास लागतो!"

"लागू दे. माणूस आख्खं घरी गेलं पाहिजे, फिलो."

हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. ज्याचा केस तुमच्याकडे राहिला तो माणूस पुरता जात नाही, कुठंही गेला तरी ओढ लागून परत येतो. पाहुण्यांना सांगून उपयोग नाही, ते हसतात आणि फोटो काढतात. म्हणून ओडेल्ला त्यांना काही बोलत नाही, मुकाट्यानं गोळा करते. तिचा नवरा त्रिनिदादला तेलाच्या कामाला म्हणून गेला तो गेलाच. त्याचे केस तिनं मुद्दाम वेचून वेचून जाळले होते, असं ती खुशाल चारचौघांत सांगायची. "नको होता ना परत!"

बाई ताडमाड, हात लांब, बोटं त्याहून लांब. डोकं हातात आलं की ती माणसाला ओळखायची. तू लहानपणी झाडावरून पडलीस, तुला झोप लागत नाही, तुझा नवरा तुला रडवतो. बायका तोंडाचा आ करायच्या. मी म्हणायचे, "तू डॉक्टर का नाही झालीस गं?" ती म्हणायची, "डॉक्टर डोकं बघतात कुठं? घड्याळ बघतात." आमच्या बेटावर, ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावर बदामाच्या झाडाखाली आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून म्हाताऱ्या व्हायला लागलो. तिची खुर्ची, माझी जायफळं, दालचिनी आणि शेगडी.

मुलगी होती तिला एक. झेनिया. सात वर्षांची असताना ह्याच पाण्यात गेली. शांत दुपार, कंबरभर पाणी, आजूबाजूला माणसं, आणि कुणाला काही कळलं नाही. आम्ही बायकांनी तिला धुतलं तेव्हा सकाळी घातलेल्या वेण्या तशाच होत्या. पुरायच्या आधी ओडेल्लानं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. परत आत गेलो तर पोरीच्या डोक्याला पांढरा रुमाल घट्ट आवळलेला. मी तिथंच विचारलं, "केस तिच्याबरोबर दिलेस ना?" "दिले," म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही. नवव्या रात्री आम्ही सामान हलवलं, दारं-खिडक्या सताड उघडली, गाणी म्हटली, मेलेल्याला सांगतात तसं सांगितलं, जा बाई आता, वाट मोकळी आहे. सगळ्यांच्या डोळ्याला धार लागलेली. ओडेल्ला मात्र पलंगाच्या कडेला बसून पाय हलवत होती.

माझं घर तिच्या घराच्या खालच्या अंगाला, चढावर. दुपारी वारा पडला की तिच्या पायरीवरून खडे खेळल्याचा आवाज येतो. टक, टक, मग सगळे खडे एकदम मुठीत. उन्हाळ्यात नळ कोरडे असतात तेव्हा त्या पायरीवर ओल्या पावलांचे ठसे मी माझ्या ह्या डोळ्यांनी पाहिलेत, माझ्या तळहातात मावतील एवढे. सकाळी कोकोचे दोन पेले भरलेले असायचे. "दुसरा कुणाचा गं?" मी विचारायचे. "मांजर येतं." मांजर कोको पितं! आणि मांजर तरी कुठं होतं? मेल्यावर न गेलेल्या माणसाला आमच्यात जंबी म्हणतात, आणि जंबीला जेवू घालणाऱ्या घरात कुणी दुपारी पाऊल टाकत नाही. मीही टाकत नव्हते. घाबरते मी, त्यात लाज कसली?

तर गेल्या मार्चमधली गोष्ट. पांढरं जहाज सकाळी धक्क्याला लागलं आणि माणसं मुंग्यांसारखी किनाऱ्यावर उतरली. त्यात एक कुटुंब आलं, आई गोरी, बाप आमच्यासारखा काळा, मध्ये सात-आठ वर्षांची कुरळ्या केसांची पोर. मेबल तिचं नाव. आईनं तिला ओडेल्लाच्या खुर्चीत बसवलं.

"कुठून आलीस गं राणी?" ओडेल्लानं विचारलं.

"लीड्सहून."

"तिकडे ऊन पडतं का?"

"मंगळवारी पडलं होतं," पोर म्हणाली. आम्ही सगळेच हसलो.

ओडेल्लानं केसांचा भांग पाडला आणि तिची बोटं थांबली. "फिलो, इकडे ये." मी गेले. पोरीच्या माथ्यावर दोन भोवरे होते, एकमेकांना चिकटून. डाव्या कानामागे मसुराएवढी जागा, जिथं केसच उगवत नाही. झेनियाला मी न्हाऊ घातलं होतं, जन्मल्यावर आणि मेल्यावरही. मला काय ते डोकं ठाऊक नाही?

"दोन भोवरे असलेली पोरं ढिगानं असतात," मी म्हणाले.

"असतात की," ती म्हणाली आणि विंचरायला लागली.

"ओढू नकोस ना, दुखतं," मेबल म्हणाली आणि तिनं ओडेल्लाच्या मनगटाला दोन बोटांनी चिमटा घेतला. झेनिया अस्साच घ्यायची. ओडेल्लाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी कणसं फिरवायला परत शेगडीशी गेले.

वेण्या झाल्या, लाल मणी खुळखुळवत पोर आईबापाबरोबर पाण्याकडे पळाली. ओडेल्लानं खुर्ची मिटली. डब्यातलं गुंतवळ शेगडीत टाकलं, पण ते चिमूटभर निघालं. एवढ्या दाट केसांच्या पोरीचं एवढंसं? आणि तिच्या ॲप्रनचा खिसा फुगलेला.

"खिशात काय आहे?"

"माझं पोट दुखतंय. घरी जाते."

जहाजाच्या दिवशी ती ताप अंगात घेऊनही बसलेली मी पाहिलीय. "ओडेल्ला, खिसा रिकामा कर," मी ओरडले. ती चढावर लागली, वळलीसुद्धा नाही. माझ्यापुढे गिऱ्हाइकं उभी होती. दालचिनी बांधून देत होते, पण लक्ष सगळं चढाकडे.

दुपार कलल्यावर किंकाळी आली. मेबलची आई किनाऱ्यावरून धावत होती, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. "मेबल! मेबल!" पोर वाळूत खेळत होती, बाईनं पुस्तकाचं पान उलटलं, तेवढ्यात नाहीशी. सगळ्यांची नजर पाण्याकडे गेली. कोळी उड्या मारून आत गेले, बाप कपड्यांनिशी गळ्याएवढ्या पाण्यात शिरला. जहाज पाचला सुटणार होतं, धक्क्यावर नेणाऱ्या होड्या भरायला लागल्या होत्या. मी एकटी पाण्याकडे बघत नव्हते. शेगडी तशीच टाकली आणि चढाला लागले. माझे गुडघे हे असे, पण कशी चढले देव जाणे.

पायरीवर मेबल बसली होती.

बूट काढून बाजूला नीट ठेवलेले. पुढ्यात खडे. ती खडे उडवायची, झेलायची, मग हात मागे घ्यायची आणि थांबायची. आणि तिचा हात मांडीवर असताना खड्यांचा आवाज चालूच राहायचा. टक, टक. तिच्या शेजारी पायरी ओली होती.

"मेबल! अगं, आई शोधतेय तुझी!"

तिला ऐकू गेलं नाही. मी तिचा दंड धरला. भर उन्हात बसलेली पोर, आणि दंड गार, तळघरातल्या बाटलीसारखा. येशू, मरिया, म्हणत मी तिला ओलांडून आत घुसले.

ओडेल्ला पलंगावर बसली होती. मांडीवर उघडा डबा. झेनियाच्या नऊ वर्षं जपलेल्या केसांत ती आजचं गुंतवळ घालून एकच वेणी गुंफत होती, शांतपणे, गिऱ्हाइकाची घालावी तशी.

"पोरीला पळवून आणलीस? तुरुंगात सडशील!"

"मी नाही आणली, फिलो. देवाशपथ नाही. दार उघडं होतं. ती आपली आली, बूट काढले आणि झेनियाच्या जागेवर बसली."

"खाली तिची आई ऊर बडवतेय!"

"तिला दुसरं होईल. तरुण आहे." आणि तिनं वेणीला पुढचा पेड घातला.

माझा हात उठला होता. खरंच मारली असती मी तिला. तेवढ्यात खालून ती हाक आली. वाऱ्याबरोबर, फाटलेल्या गळ्यानं, मेबल, मेबल. ओडेल्लाची बोटं अडखळली. तशी हाक तिनं स्वतः मारलेली होती, त्याच वाळूवर उभं राहून. तिनं ओठ दाबले आणि पुन्हा गुंफायला लागली.

तेव्हा पायरीवरून मेबल बोलली. आमच्याकडे न बघता, खडे मोजता मोजता.

"हिला झोप आलीय."

"कुणाला?" ओडेल्लानं विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"हिला. म्हणते, कधीपासून झोपलीच नाही. डोळे मिटले की तू केस विंचरतेस."

ओडेल्ला वेणीकडे बघत राहिली. मग घाईघाईनं सोडवायला लागली. पेड सुटले, पण केस तेच, काळे, कुरळे, एकमेकांत शिरलेले. तिनं उजेडात धरून पाहिले. वास घेतला. ज्या बाईला डोळे मिटून कुठलंही डोकं ओळखता येईल तिला स्वतःच्या पोरीचे केस निवडता येईनात.

"फिलो, सांग ना, ह्यातले माझीचे कुठले? थोडेसे तरी. चारच ठेवते."

"नाही कळत मला." खरंच कळत नव्हतं. मी रडत होते. "सगळे द्यावे लागतील, बाई. नाहीतर ती पोर उठायची नाही."

चुलीत निखारे होते. ओडेल्लानं ते केस गालाला लावले, कानात सांगावं तसं काहीतरी पुटपुटली, आणि स्वतःच्या हातानं आत घातले. हात लगेच बाहेर काढला नाही. मी ओढून काढला. जळक्या केसांचा वास आलाच नाही. ओल्या वाळूचा आला, ओहोटीच्या वेळी येतो तसा.

बाहेर खड्यांचा आवाज थांबला. "मम्मी कुठाय?" मेबलनं भोकाड पसरलं.

आम्ही उतरायला लागलो. मेबलचा एक हात ओडेल्लाच्या भाजलेल्या हातात. दुसरा बाजूला, अर्धवट मिटलेला, तिच्याच उंचीच्या कुणाचा तरी धरल्यासारखा. पुढं-मागं हलत होता तो हात. मी बघितलं, ओडेल्लानंही बघितलं. चर्चपाशी एक वाट दफनभूमीकडे फुटते, तिथं पोरीची मूठ सुटली. "बाय," ती म्हणाली, अगदी सहज. ओडेल्लाचं पाऊल अडलं. मेलेल्याला वाटेला लावल्यावर मागे बघायचं नसतं, बघितलं तर तो परत फिरतो. मान ताठ धरून ती चालत राहिली. मानेच्या शिरा ताठरलेल्या.

खाली आईनं पोर हिसकावून घेतली, आधी एक रट्टा दिला, मग मुके घेतले. "वाट चुकली होती," मी पोलिसाला सांगितलं. ओडेल्ला बापाला म्हणाली, "तिच्या वेण्या सोडाल तेव्हा निघालेले केस जाळा. एकही ठेवू नका." शेवटची होडी त्यांना घेऊन गेली, भोंगा झाला, जहाज सुटलं.

किनाऱ्यावर आम्ही दोघीच उरलो. तिच्या हाताला मी खोबरेल लावत होते.

"फिलो, तू वळून बघितलंस ना? मला ठाऊक आहे तू बघितलंस."

बघितलं होतं. मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. चिंचेला बांधलेली शेळी होती आणि धूळ होती. बाकी काही नव्हतं.

"बघितलं," मी म्हणाले.

"दिसली?"

"दिसली."

ती माझ्याकडे बघतच होती. "रागावली होती का गं माझ्यावर?"

"नाही," मी म्हणाले. "जांभया देत होती."