फ्रिजवरची शाल

सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेल्या माणसाला एक सवय लागते. पुढची अख्खी गाडी नीट चालली आहे, असे तो धरूनच चालतो. रायपुरातल्या आमच्या गुढियारीचे नरहरी खडतकर, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, रेल्वेत गार्ड होते आणि ही सवय घेऊनच निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर त्यांनी ‘सोबत’ या संस्थेचे काम अंगावर घेतले. पुरानी बस्तीतली ही संस्था गरजू रोग्यांना पलंग, व्हीलचेअर, वॉकर फुकट वापरायला देते. रोगी बरा झाला की सामान परत. दर दिवाळीआधी भाऊ आमच्या गल्लीत दारोदार फिरून देणगी गोळा करत. त्यांचे भाषण ठरलेले होते.

“तुमचा पैसा सीधा रोग्यापाशी जाते. मधात एकाही स्टेशनावर गाडी थांबत नाई.”

आवाज असा, की माणूस चहाचा कप खाली ठेवून आधी पाकीट काढी.

संस्थाही कृतघ्न नव्हती. दर वर्षी वार्षिक सभेत मोठ्या दात्यांबरोबर भाऊंचाही शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देऊन सत्कार होई. नारळाची त्यांच्या पत्नी शांताबाई चटणी करत. शालींचे काय करावे, हा मात्र त्यांच्या संसारातला एक न सुटलेला प्रश्न होता. रायपूरच्या थंडीला एक शाल पुरते. उरलेल्यांपैकी एक फ्रिजवर पसरली होती, एक इन्व्हर्टरवर, आणि एकीची चौघडी करून शांताबाई तिच्यावर इस्त्री करत. स्मृतिचिन्हांनी टीव्हीला असे घेरले होते, की बातम्या सांगणारी बाई गळ्यापासून वरच दिसे.

यंदा गोदूची आई न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. गोदू आमच्या गल्लीत ब्लाउज शिवते. भाऊंच्या भाषणाला भुलून दर दिवाळीला न चुकता देणगी देणाऱ्यांत ती पहिली. डॉक्टरांनी आईसाठी हँडल फिरवून डोके उचलता येणारा पलंग सांगितला. भाऊ म्हणाले, “कायले काळजी करतं? चाल माह्यासंगं.” आणि तिला घेऊन ते रुबाबात ‘सोबत’च्या कार्यालयात गेले.

कार्यालय पूर्णिमा सांभाळते. पलंग देणे, परत आणणे, पुसणे, मोडका असेल तर दुरुस्त करून घेणे, सगळे तीच पाहते.

“अंकल, सगळे पलंग बाहेर गेलेत,” ती म्हणाली. “नया लेने के लिए पैसा ही नहीं बचा.”

भाऊ काही बोलणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. “हाँ मम्मी, सैलरी परसों आएगी. आते ही भेजती हूँ.”

भाऊंनी तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने कपाटातून साप काढला होता.

“तुले पगार भेटते?”

“हव, अंकल.”

“संस्थेकडून?”

“और कौन देगा?”

पुढचे इंजिन कधीच निघून गेले आहे आणि आपला डबा एकटाच रुळावर उभा आहे, हे कळल्यावर गार्डाचा होईल तसा भाऊंचा चेहरा झाला. इतकी वर्षे ते धरून चालले होते, की ही मुलगी घरचे खाऊन सेवा करते.

परतताना दोघे ऑटोत बसले. गोदू म्हणाली, “भाऊ, तुमी तं म्हणत होते, मधात गाडी थांबत नाई.”

“म्हणत होतो.”

“मंग माह्या मायचा पलंग या पोट्टीच्या पगारात गेला काय?”

भाऊंनी ऑटोतच शपथ घेतली. “रविवारी सभा हाये. तू पण ये. पगार बंद करून पलंग मंजूर करतो. नाई झाला, तं या गल्लीत पुन्हा देणगी मागायले येणार नाई.”

त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. शांताबाईंनी कारण विचारले आणि ऐकून घेतले.

“तुमी हिरवी झेंडी दाखवायचा पगार घेत होते ना?”

“ते रेल्वे होय.”

“मंग? तिनं पलंग फुकट उचलावा काय? तुमच्यानं तं घरातली गादी सरकत नाई.”

“तुले सेवा कशाले म्हणतात तेच समजत नाई.”

“मले नाई समजत. जेवाले या.”

रविवारी सभा एका मोठ्या हॉलमध्ये होती. दारात फुलांची कमान, मंचामागे भिंतभर बॅनर, मागच्या दालनातून पनीरचा वास. सत्काराचा कार्यक्रम आधी झाला. मोठ्या दात्यांपाठोपाठ भाऊंच्याही खांद्यावर नवी शाल पडली, हातात स्मृतिचिन्ह आले, फोटो निघाला. आणि त्याच अवस्थेत भाऊंनी माईक धरला.

“ही सेवेची संस्था हाये का पगाराची? गरिबाले पलंग नाई आन्‌ मॅनेजरले पगार. हे मी चालू देणार नाई.”

सभेने टाळ्या वाजवल्या. पूर्णिमा मागे खुर्च्या लावत होती. ती थांबली. गोदू शेवटच्या रांगेतून मान उंच करून पाहत होती.

अध्यक्ष हसत उठले. भाऊंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “खडतकरजी, शांत व्हा. पूर्णिमाचा पगार तो कितना-सा है? दोन महिन्यांचा मिळूनही त्यात एक पलंग येत नाही. आपला सर्वांत मोठा खर्च तुमच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या आणि दात्यांच्या मानसन्मानाचा आहे. हॉल, भोजन, शाली, स्मृतिचिन्हं. आज के कार्यक्रम में तीन पलंग आ जाते, पण आम्ही हात आखडला नाही. एकाही दात्याला आपण रिकाम्या हातानं घरी पाठवत नाही.”

पुन्हा टाळ्या. या आधीच्यांपेक्षा मोठ्या.

भाऊंना मात्र आपल्या खांद्यावर रेल्वेची वॅगन ठेवल्यासारखे वाटले. ते मंचावरून उतरले आणि थेट शेवटच्या रांगेत गेले.

“गोदू, तुह्या पैशाचा पत्ता लागला.”

“कुठी हाये?”

“माह्या फ्रिजवर.”

गोदूने त्यांच्याकडे पाहिले, मग शालीकडे.  त्या नजरेपेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे भाऊ नंतर मला म्हणाले.

ते परत मंचावर गेले, शाल काढून टेबलावर ठेवली आणि सांगितले, की ज्यांना वाटेल त्यांनी आपली शाल ठेवावी, ती विकून पैसे पलंगाला लागतील. चार-पाच जण उठले. बाकीच्यांनी शाली जरा घट्ट केल्या. पहिल्या रांगेतल्या एका वयोवृद्ध दात्यांनी विचारले, “पण जेवण आहे ना?”

दुसऱ्या दिवशी भाऊ त्या शाली आणि घरची जुनी फौज घेऊन सदर बाजारात शालींच्या एका दुकानदाराकडे गेले. लाजत लाजत त्यांनी पिशवी उघडली. दुकानदाराला काहीच नवल वाटले नाही.

“सत्कारवाली है ना? रखो उधर. नई का आधा, जिस पर इस्त्री हुई उसका कुछ नहीं.”

भाऊंना बसलेला हा शेवटचा धक्का. रायपुरात सत्काराच्या शालींचा भाव ठरलेला होता आणि तो फक्त त्यांनाच ठाऊक नव्हता. फ्रिजवरच्या शालीवर लोणच्याच्या बरणीचा गोल डाग होता, म्हणून ती परत आली.

पैसे अर्थातच कमी पडले. भाऊंनी पेन्शनमधून भर घातली. शांताबाईंनी टीव्हीपुढची स्मृतिचिन्हे पोत्यात भरली.

पलंग आला तेव्हा पूर्णिमाने स्वतः एक बाजू धरून तो गोदूच्या घरात चढवला. दुसरी बाजू भाऊंनी धरली आणि दारातच खाली ठेवली, कारण कंबर धरली. म्हातारी पलंगावर टेकली. गोदूने हँडल फिरवले, तशी ती हळूहळू वर आली आणि किती दिवसांनी तिला खिडकीतून गल्ली दिसली.

“दिवाळीले या, भाऊ,” गोदू म्हणाली. “पण गाडी कुठी कुठी थांबते ते आधी सांगा.”

“सांगीन,” भाऊ म्हणाले. मग पूर्णिमाकडे वळून, “तुह्या पगाराचं एक स्टेशन हाये, ते पण सांगीन. ते लागते.”

पूर्णिमा हसली. “अंकल, पलंगावर दात्याचं नाव लिहितो आपण. पेंटर बुला लूँ?”

“काही गरज नाई,” भाऊ ताठ म्हणाले. “खर्च कायले?”

ते चपला घालून पायरी उतरले. फाटकापर्यंत गेले. तिथे जरा उभे राहिले आणि परत आले.

“नुसतं ‘न. ख.’ लिहिलं, तं किती घेईन तो?”