पोरांचा वॉर्ड आणि तिसरी तक्रार

पोरांच्या वॉर्डात कॉटखाली पिशव्या साठतात तसे किस्से साठतात. ॲडमिट होतं एक मूल, आणि त्याच्याबरोबर आज्जी, आत्या, मामा, थर्मास आणि बिस्किटांचे पुडे. मूल बरं होऊन जातं. पिशवी एखादी मागं राहते, किस्सा तर राहतोच. आणि किस्से मुलांचे नसतात. मुलं बिचारी तापतात, ओकतात, रडतात, झोपतात. किस्से घडवतात मोठी माणसं.

मी नर्सिंगचा कोर्स दुसऱ्या वर्षी सोडला. प्रॅक्टिकलला पोर रडत होतं आणि ट्यूटरबाई मला चादरीचा कोपरा नीट दुमडायला लावत होत्या. मी म्हटलं, "ताप पोराला आलाय, चादरीला नाही." त्यानंतर तिथं माझं काही जमलं नाही. मग शाहूपुरीत मुलांच्या एका छोट्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले. तेव्हा डॉक्टरांकडेही मोबाईल नव्हता, कंबरेला पेजर असायचा.

घरी आबांची अट: नोकरी आहे तोवर स्थळ बघणार नाही, नोकरी गेली की त्याच महिन्यात लग्न. कागलचं एक स्थळ तर तयारच बसलेलं. दवाखान्यात डॉक्टरांची अट: नातेवाइकांशी नीट बोलायचं, तिसरी तक्रार आली की घरी. थोडक्यात, तीन तक्रारी की मी बोहल्यावर.

*

एप्रिल महिना. चार वर्षांचं पोरगं, ताप एकशे तीन, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, वर दोन ब्लँकेटं. मी काढायची, त्याची आत्या परत घालायची. शेजारी पोराचा मामा बसलेला, तालमीतला गडी. तो म्हणाला, काढू नका, थंडी आत शिरंल.

मी म्हटलं, "मामा, हे सगळं तुम्ही दहा मिनिटं घालून बसा. बसलात तर मी काढत नाही."

पैलवान माणसाला पैज लावली की झालं. स्वेटर चढेना म्हणून गळ्याभोवती बांधला, कानटोपी नुसती डोक्यावर ठेवली, दोन्ही ब्लँकेटं गुंडाळून मांडी ठोकली. चौथ्या मिनिटाला कपाळावरनं धार लागली. सहाव्या मिनिटाला मामा उठला आणि म्हणाला, "अक्का, पोराचं काढा आदी. मरंल ते."

पोराचा ताप संध्याकाळी उतरला, आत्याचा उतरला नाही. आमच्या पावण्याला भर वॉर्डात घाम फोडला, म्हणून तिनं डॉक्टरांकडं सांगितलं.

तक्रार पहिली.

*

दम्याची एक मुलगी होती, सात वर्षांची. डॉक्टरांनी पंप लिहून दिला. तो कसा ओढायचा हे मी तिला फुग्याचा खेळ करून शिकवलं, पोरगी पटकन शिकली. बाप मात्र दारात उभा राहून डाव्या हातावर तंबाखू मळत होता. पंप नको म्हणाला. एकदा सवय लागली की सुटत न्हाय.

मी म्हटलं, "तुमची किती वर्षं झाली सुटत नाही?"

त्यानं मळलेली चिमूट ओठाखाली दाबली. खिडकीतून थुंकला आणि सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेला.

तक्रार दुसरी. त्या दिवशी आमच्या हेड, लोखंडे सिस्टर, मला औषधांच्या कपाटामागं घेऊन गेल्या. तीस वर्षं नोकरी झालेली बाई. म्हणाल्या, "तुझं म्हणणं बरोबर असतंय. पण तोंड कागलच्या वाटेवरच हाय." त्यानंतर मी दातांखाली जीभ ठेवून कामाला यायला लागले.

*

एका आजोबांनी नातवाला सर्दी झाली म्हणून ॲडमिट करायला लावलं. वर हट्ट धरला की सलाईन लावा. डॉक्टरांनी समजावलं, गरज नाही, पोर पितंय, खेळतंय. आजोबा म्हणाले, गावाकडनं माणसं बघायला येणार, बाटली न्हाय दिसली तर ती काय म्हणतील?

बाटली मिळाली नाही, तेव्हा आजोबांनी दुसरी सोय केली. पोर व्हरांड्यात पळायचं. जिन्यावर चपला वाजल्या की आजोबा ओरडायचे, "पड रं, पावणं आल्यात!" पोर धावत येऊन कॉटवर पडायचं, डोळे मिटायचं आणि बारीक कण्हायचं. पाव्हणे गेले की परत व्हरांड्यात.

तिसऱ्या दिवशी चपला डॉक्टरांच्या निघाल्या. पोर कण्हलं. डॉक्टरांनी पाच मिनिटं पोट तपासलं, शेवटी मला विचारलं, "हे कधीपासून?"

मी म्हटलं, "पावणं यायला लागल्यापासून."

*

हा किस्सा हसण्यासारखा नाही, तरी सांगते. दहावीतली मुलगी शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. रक्त एकदम कमी. आई म्हणाली, खाती की सगळं. बाप म्हणाला, आमच्यात दर रविवारी मटण असतंय, कमी कशाची न्हाय.

पोरगी भिंतीकडं बघत म्हणाली, "मला रस्सा असतोय."

फोडी कुणाला, ते विचारावं लागलं नाही. बापाशेजारी दोन भाऊ उभे होते, एकेकाचा दंड दरवाजाएवढा. मी तोंड उघडणार तेवढ्यात लोखंडे सिस्टरांनी माझ्या पायावर पाय दिला. बाप खिडकीबाहेर रिक्षा बघत बसला.

पुढच्या रविवारी डबा आला. उघडला तर नुसत्या फोडी, रस्सा नावाला नाही. पोरीनं अर्ध्या फोडी झाकणात काढल्या आणि आईपुढं सरकवल्या. "तू तर माझ्याबी मागनं जेवतीस," म्हणाली. बाप परत रिक्षा बघायला लागला.

*

आणि मग मुरगूडची आज्जी आली.

चौदा महिन्यांचा नातू, दोन दिवस जुलाब. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. डॉक्टरांनी ओआरएसची पुडी दिली, दर दोन मिनिटांनी एक चमचा पाजा म्हणाले. संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर ठीक, नाहीतर मोठ्या दवाखान्यात हलवायचं.

मी चमचा पुढं केला. आज्जीनं मनगट धरलं. "जुलाबात पाणी? फुटक्या घागरीत पाणी घातल्यागत हाय ते. आमच्यात देत न्हाईत."

सून कोपऱ्यात उभी, सासूपुढं तोंड उघडेना. डॉक्टरांनी सांगून बघितलं, आज्जी हूं म्हणाली आणि ते वळताच पेला कॉटखाली ठेवला. मी काय काय बोलू शकले असते ते सगळं जिभेवर आलं. लोखंडे सिस्टर दारातून नुसत्या बघत होत्या. तिसरी तक्रार, कागल, बोहलं. आणि त्या कॉटवर पोर रडत होतं, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

आज्जीच्या कपाळाला गुलाल होता. जोतिबाचा. दर रविवारी डोंगरावर जाते, असं सुनेनं सकाळीच सांगितलेलं.

मी आत गेले, स्टीलच्या तांब्यात पुडी कालवली आणि बाहेर येऊन तांब्या आज्जीपुढं ठेवला. आयुष्यात मी कुणापुढं हात जोडले नव्हते, ते जोडले. म्हटलं, "आज्जी, माझी आई पहाटे जोतिबाला जाऊन आली. तीर्थ आणलंय. एवढं तरी चमच्या-चमच्यानं द्या."

आज्जीनं तांब्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. माझ्याकडं बघितलं. मग पोराला मांडीवर घेतलं आणि चमचा उचलला.

दुपारभर ती पाजत होती. हात दुखला तरी सुनेकडं चमचा देईना. मधे दोनदा तांब्या माझ्यापुढं धरला, "संपलं. आनखी आन." मी आणलं.

पाच वाजता पोरानं आज्जीच्या नऊवारीवर धार सोडली. सून रडायला लागली. आज्जी ओल्या लुगड्यानिशी उठली आणि सरळ डॉक्टरांच्या केबिनकडं निघाली. लोखंडे सिस्टर माझ्या कानाशी म्हणाल्या, "झालं तुझं लगीन." मी दाराशी जाऊन उभी राहिले.

डॉक्टरांनी विचारलं, काय तक्रार आहे आज्जी?

"ती तुमची पोरगी खोटं बोलती. जोतिबाचं तीर्थ म्हणून मीठ-साखरंचं पानी दिलं तिनं. साठ वरसं डोंगर चढतोय मी, मला तीर्थाची चव कळत न्हाय व्हय?"

डॉक्टर गोंधळले. "मग पाजलंत कशाला?"

आज्जीनं लुगड्याचा ओला सोगा पिळला.

"सकाळधरनं बघतोय तिला, कुनापुढं मान वाकवत न्हाय. तसली पोरगी हात जोडून उबी ऱ्हायली. म्हटलं, पोराचं काय खरं न्हाय."