पाच जोड एकत्र घेतल्यास

आमच्या क्लिनिकमध्ये माणसं गुडघा घेऊन येतात आणि किस्सा ठेवून जातात. गुडघ्याची नोंद मॅडमच्या फाइलमध्ये होते, किश्शाची कुठे होणार? तो रिसेप्शनला, म्हणजे माझ्याकडे राहतो. नौपाड्यातल्या या फिजिओथेरपी क्लिनिकात मी चौदा वर्षं बसतेय. रोज कोपरहून येते, शटर उघडते, आठच्या गुडघेवाल्या बॅचसाठी चटया घालते. घरी गेल्यावर सांगायला लागले की आमचे हे विचारतात, "तुला पगार बोलायचा मिळतो की ऐकायचा?" दोन्हीचा मिळत नाही, बसायचा मिळतो. आज फक्त बुटांचं सांगते, कारण मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे दुसरं काही झालंच नाही.

केतकी मॅडम एक दिवस नवे बूट घालून आल्या. त्यांना बेअरफूट शूज म्हणतात म्हणे. टाच नाही, तळ जेमतेम भाकरीएवढा जाड, आणि पुढे बोटांना पसरायला ऐसपैस जागा. मॅडमनी एक बूट काढला, त्याची सुरळी केली आणि बॅचला समजावलं, की पायाला पायासारखं वागू द्या, पण सवय हळूहळू करा, आधी रोज थोडाच वेळ.

बॅचमधल्या सावंत काकूंनी तो बूट हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, याचा खालचा भाग मागून येणार आहे का?"

बूट ऑनलाइनच मिळत होते. एक जोड घेतला तर पूर्ण किंमत, पाच एकत्र घेतले तर घसघशीत सूट, आणि ती रविवारपर्यंतच. आपटेकाका लगेच तयार झाले. ते निवृत्त इंजिनियर, जन्म नौपाड्यातला. काकूही हो म्हणाल्या. मॅडमनी आपल्या आईसाठी एक धरला. बाकीच्यांनी "आधी तुमचं काय होतंय ते बघू" म्हणून अंग काढून घेतलं.

आणि मग कोपऱ्यातल्या चटईवरून म्हात्रे म्हणाले, "माझा बी एक लिवा."

*

म्हात्र्यांचं सांगायला हवं, कारण त्यांना बूट हौसेला नको होते.

म्हात्रे कळव्याचे, मूळ गावातले. आज त्यांची चार मजली इमारत आहे, खाली गाळे आहेत. पण लहानपण गेलं वडिलांबरोबर मिठागरात. तिथला चिखल पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, म्हणजे वर मीठ स्वच्छ निघतं. वाढीच्या वयात पाय त्या चिखलात राहिले आणि तसेच वाढले. पुढून पंख्यासारखे पसरलेले, अंगठा एकीकडे आणि करंगळी दुसरीकडे. बाजारातला कुठलाही बूट त्यांना होत नाही. जन्मभर रबरी चप्पल.

त्यांच्या मुलीचं, हर्षलाचं लग्न ठरलं होतं. मुलगी आर्किटेक्ट. सासर आमच्या क्लिनिकपासून दोन गल्ल्या सोडून, एकदम टापटीप माणसं. साखरपुड्याला म्हात्र्यांनी तीन नंबर मोठे, बिननाडीचे बूट विकत घेऊन घातले. लांबीला होडी आणि रुंदीला तरीही फास. तासाभरात पायाला फोड आले, म्हणून ते न जेवता उठून गाडीत जाऊन बसले. व्याह्यांना वाटलं, मानपानात काही चुकलं.

हे त्यांनी मला काउंटरपाशी हळूच सांगितलं. "ताई, मना सूटबूट नको. पन पोरीच्या लग्नान त्या लोकांसमोर हे पाय नको. फोटोत मी कायम खुर्चीच्या मागं उभा ऱ्हातो."

लग्नाला पाच आठवडे होते. मला एकदम वाईट वाटलं. एवढा दांडगा माणूस, भाडेकरू त्याला वचकून असतात, आणि बोलताना पाय स्टुलाखाली ओढून घेत होता.

*

मापाची भानगड मोठी होती. कागदावर उभं राहायचं, पेन्सिलीने पाय आखायचा, लांबी-रुंदी कळवायची.

आपटेकाका आलेखाचा कागद घेऊन आले. एक पाय सकाळी आखला, एक दुपारी, एक संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतो. मग तिन्हींची सरासरी. मी म्हटलं, "काका, बूट घ्यायचेत, पूल नाही बांधायचा."

"पूल एका जागी उभा असतो," ते म्हणाले. "मला चालायचं आहे."

सावंत काकूंचा प्रश्न वेगळाच होता. त्या कागदावर पाय ठेवेनात. कागद म्हणजे सरस्वती, त्याला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो, आणि इथे चांगलं दाबून उभं राहायचं? कोरा आहे म्हटलं, तरी नाही. रद्दी आहे म्हटलं, तर म्हणाल्या, "रद्दीत पण छापलेलं असतं ना गं."

शेवटी मी खडू घेतला आणि काउंटरसमोरच्या काळ्या फरशीवर त्यांचे दोन्ही पाय आखले. टेपने मापं घेतली, लिहून ठेवली आणि गडबडीत पुसायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी जो पेशंट आत येई तो त्या पावलांना वळसा घालून येई. दुपारपर्यंत त्यांच्यावर कोणीतरी हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी पाहते तर दोन झेंडूची फुलं आणि एक रुपया. काकूंनी आल्या आल्या ते बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, डाव्या गुडघ्याला कालपासून आराम आहे."

*

म्हात्र्यांचा कागद मी फोटो काढून कंपनीला पाठवला. अर्ध्या तासात तिथल्या मुलाचा फोन आला. माझे हात कामात होते म्हणून स्पीकरवर टाकला.

"मॅम, आत्ता फोटो पाठवलात ना, त्यात दोन्ही पाय एकावर एक आखलेत. एकच पाय आखून पाठवता का?"

बॅच सगळी समोर. कोणी हसलं नाही, म्हणजे हसू आलेलं सगळ्यांनी गिळलं. म्हात्रे स्वतःच हसले आणि म्हणाले, "सांग त्याला, एकच हाय."

मुलाने तिकडे स्टॉक तपासला. मग म्हणाला, त्यांच्याकडे सगळ्यात रुंद साच्याचा एकच जोड शिल्लक आहे, तपकिरी रंगाचा, आणि तो साचा आता बंद झालाय.

"एकच ना?" म्हात्रे म्हणाले. "मना बी एकच पायजे."

*

शनिवार उजाडला तरी जोड चारच. आता म्हणाल, म्हात्र्यांना काय कमी होतं, पूर्ण किंमत देऊन घ्यायचे. पण पूर्ण किमतीला वस्तू घेणं त्यांना अपमान वाटतो. "सूट नाय तं बूट नाय," म्हणाले आणि चटईवर आडवे होऊन व्यायाम करू लागले. मुलीच्या लग्नात हजार माणसं जेवणार होती, त्याचं काही नाही. पण पायांवर खर्च केला असं कोणी म्हणायला नको. असली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. दुसऱ्यासाठी खिसा मोकळा, स्वतःसाठी घासाघीस.

आपटेकाकांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनी पाहिलं. मॅडमनी केबिनचं दार उघडून पाहिलं.

"माझे सँडल चांगले आहेत," मी म्हटलं.

"आहेतच," काकू म्हणाल्या. "कोण नाही म्हणतंय?"

मी पाचवा जोड लिहिला. घरी सांगितलं, क्लिनिकचा युनिफॉर्म आहे.

*

पार्सल आल्यावर पहिल्या आठवड्यातले रिपोर्ट असे.

आपटेकाका: "घरापासून इथपर्यंतचा प्रत्येक खडा मला आता व्यक्तिशः ओळखतो."

काकूंच्या यजमानांनी घरी विचारलं, पैसे देऊन अनवाणीच चालायचं होतं तर पैसे कशाला दिले? काकूंनी उत्तर दिलं, "माझी आई रत्नागिरीकडे जन्मभर अनवाणी चालली. तिला शंभर टक्के सूट होती." आम्हाला हे सांगताना त्या हसत होत्या. मग म्हणाल्या, "तिला घेऊन द्यायला हवे होते गं." त्या दिवशी त्या व्यायाम न करताच गेल्या.

माझं म्हणाल तर तिसऱ्या दिवशी पोटऱ्या धरल्या. मॅडमनी फुकटात उपचार केले आणि वर ओरडल्याही, की हळूहळू सांगितलं होतं ना.

आणि म्हात्रे. त्यांनी बूट चढवले आणि उभे राहिले. पॅसेजच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीला माझ्यापाशी थांबून कुजबुजले, "ताई, बोटं हलतात आतमंदी."

त्यानंतर कळलं, की नाडी बांधता येत नाही. साठीच्या माणसाला कोण विचारणार? त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. आपटेकाकांनी चार दिवस शिकवणी घेतली. पहिल्या दिवशी म्हात्र्यांनी होडी बांधायची गाठ मारली, ती मॅडमच्या कात्रीने सोडवावी लागली. चौथ्या दिवशी फूल जमलं. काकांनी पाठीवर थाप मारली, "उत्तम. आता खुशाल पोरीला उजवा."

*

लग्न कळव्याच्या हॉलमध्ये. आम्ही चौघं नवे बूट घालून गेलो, म्हणजे म्हात्र्यांना एकटं वाटायला नको. आत जाऊन बघतो तर काय, वधूपिता पाटावर अनवाणी!

सकाळी देवक, मग कन्यादान, मग होम, सगळं अनवाणीच. पाच आठवडे मापं घेतली, फोन केले, नाडी शिकवली, पण लग्नात मुलीच्या बापाच्या पायात काही नसतं हे एकालाही आठवलं नाही. आपटेकाका म्हणाले, "माझ्या दोन मुलींची लग्नं मी स्वतः लावली आहेत हो." काकू म्हणाल्या, "मी तर इतकी लग्नं जेवलेय, की बोलूच नका."

म्हात्रे धोतर पुढे ओढून ओढून बसले होते. जावयाचे पाय धुताना तर ते स्वतःच्या पायांवर असे बसले, की एक बोट दिसू नये. व्याही समोरच होते. त्यांचं लक्ष भटजींकडे होतं, पण हे म्हात्र्यांना कोण सांगणार?

जेवणं झाली आणि म्हात्रे खोलीत जाऊन कपडे बदलून आले. सफारी, तपकिरी बूट, नाडीचं फूल. पाठवणीला हॉलच्या दाराशी दोन्हीकडची माणसं जमली होती. फोटोग्राफरने हाक मारली तसे ते आले आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. समोर खुर्ची नाही, काही नाही. व्याह्यांनी बुटांकडे पाहून मान डोलावली. काकूंनी माझा हात दाबला. मला तर माझ्याच मुलाचा रिझल्ट लागल्यासारखं झालं.

हर्षला सगळ्यांच्या पाया पडत पडत आली. आईच्या पडली. मग वडिलांपुढे वाकली आणि हात अर्ध्यात थांबवून तशीच वर बघत राहिली.

"पप्पा, बूट काढ."

म्हात्र्यांनी मागे व्याह्यांकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे ना बाय. वरूनच पाया पर."

"नाय. मना तुजे पाय पायजेत."

म्हात्रे पायरीवर बसले. नाडी ओढली, एका पायाची, मग दुसऱ्याची. मोजे काढून खिशात ठेवले आणि उभे राहिले. पांढऱ्या फरशीवर ते दोन्ही पाय, दहाही बोटं दहा दिशांना. हर्षलाने दोन्ही हातांनी ते धरले आणि कपाळ टेकलं. बराच वेळ उठलीच नाही.

उठली तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "काका, बूट घाला, फॅमिली फोटो राहिलाय. नाहीतर मी वरचाच भाग घेतो."

म्हात्र्यांनी डोळे पुसले, पोरीला जवळ घेतलं.

"नको," म्हणाले. "पायांसकट काढ."